उशीखालची सुरी

"बाळ कुठाय गं?"

"दिलं," चारू म्हणाली.

आरशासमोर बसून ती भांग पाडत होती. बाळंत झाल्यापासून एकवीस दिवसांत तिनं पहिल्यांदाच आपणहून केसांना फणी लावली होती, म्हणून खोलीत शिरताना मला बरंच वाटलं होतं. बाहेर मांडवात पाळणा बांधून झाला होता. इचलकरंजीहून तिच्या सासरची जीप नुकतीच येऊन थांबली होती, आणि बारा वाजता लेकीच्या लेकीला पाळण्यात घालायचं होतं. बारशाच्या दिवशी आई नटते आहे, आणखी काय पाहिजे!

"दिलं म्हणजे? कुणाला?"

"बायाक्काला."

"आता कशाला? अंघोळ झाली, धुरी झाली. आज काय दोनदा चोळणार आहे का ती?"

भांग सरळ आला होता, तरी चारूनं तो मोडला आणि पुन्हा पाडायला घेतला.

मी मागच्या दारी गेले. बायाक्का बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसली असेल, असं वाटलं. न्हाणीपाशी कुणी नव्हतं. तिच्या चपला नव्हत्या, तिची पिशवी नव्हती. आचारी म्हणाला, "ती म्हातारी? ती मघाच गेली की. पदराखाली काय तरी घेऊन चालली होती."

मी तशीच खोलीत परत आले आणि का कोण जाणे, पलंगावरची उशी उचलली. उशीखाली सुरी नव्हती.

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायची रीत आहे. कुणी अडकित्ता ठेवतं, कुणी विळा. वाईटसाईट काही जवळ फिरकत नाही म्हणतात. मी तेव्हा गडहिंग्लजच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं होतं, पण लेकीच्या पहिल्या बाळंतपणात विज्ञान मी उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं. आधी अडकित्ता होता. आठवड्यापूर्वी तो काढून मी त्या जागी स्वयंपाकघरातली मोठी सुरी ठेवली होती. आता बाळही नव्हतं आणि सुरीही नव्हती.

"चारू, सुरी कुठाय?"

"तीपण दिली."

"तुला वेड लागलंय का?"

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "आई, बायाक्काला काही बोलू नकोस. मीच दिलंय."

मी ऐकलं नाही. मला सगळं समजलं आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. बायाक्का म्हणजे आमच्या गावात निम्म्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी म्हातारी. तिची एकुलती एक लेक निपाणीला दिलेली. अकरा वर्षं झाली, तिला मूल नाही. देव झाले, डॉक्टर झाले. चारूच्या बाळाला तेल लावताना बायाक्का दोन-तीनदा म्हणालीही होती, "आमच्या पोरीच्या नशिबी असलं बाळ असतं तर!" मी तेव्हा हसले होते. आता तेच वाक्य कानात वाजायला लागलं. निपाणीची एसटी किती वाजता सुटते, हेही मला नेमकं त्या क्षणी आठवलं.

बातमी मांडवात जायला वेळ लागला नाही. विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "असल्या बायकांना घरात घेताच कशाला? चांगली नर्स नव्हती मिळत?" जावई सुहासराव पांढरे पडले होते. ते म्हणाले, "आई, आधी पोलिसांत जाऊ."

"पोलीस नंतर," मी म्हणाले. "आधी मी जाते. तिचं घर मला माहीत आहे."

निघताना मी पुन्हा एकदा खोलीत डोकावले. चारू पलंगावर बसली होती. "तुला भुलवलंय तिनं," मी म्हणाले. "तू काही काळजी करू नकोस. तासाभरात बाळ तुझ्या मांडीवर आणून देते."

"आई, मी जरा पडते," ती म्हणाली. "कुणाला आत सोडू नकोस."

"पड," मी म्हणाले, आणि दार मीच ओढून घेतलं.

बायाक्काचं घर नदीकडच्या वस्तीत होतं. एका खोलीचं, पत्र्याचं. दार आतून बंद होतं. सुहासरावांनी ते असं ठोठावलं की शेजारच्या चार बायका बाहेर आल्या. बायाक्कानं दार उघडलं. तिच्या मागे जुन्या लुगड्याच्या झोळीत आमचं बाळ शांत झोपलं होतं.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तिच्या थोबाडीत मारली. माझ्या आईपेक्षा थोडी लहान असेल ती. शेजारणींसमोर मारली.

"चोरटी! माझ्या घरचं मीठ खाऊन माझंच मूल उचललंस?"

ती गालाला हात लावून क्षणभर उभी राहिली. मग मागे सरली आणि झोळीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आनिक मारा," ती म्हणाली. "पर पोरगी मिळायची न्हाई. म्या शबुद दिलाय."

"चोराच्या उलट्या बोंबा! कुणाला दिलास शब्द? निपाणीच्या लेकीला?"

"पोरीच्या आईला."

सुहासराव पुढे झाले, तशी ती त्यांना म्हणाली, "जावयबापू, तुमी वाईच भाईर थांबा. मला बाईंशी बोलायचं हाय. पोरगी कुटं पळून जात न्हाई. दार हे एकच हाय, त्यात तुमी हुबं ऱ्हावा."

तिच्या आवाजात असं काही होतं की ते खरंच बाहेर गेले. बायाक्कानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि फडक्यात गुंडाळलेली माझी सुरी माझ्यापुढे ठेवली.

"ही घ्या तुमची. म्हनाली, आदी ही ने, मग पोरीला ने."

"कशासाठी?"

बायाक्का माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला खरंच ठावं न्हाई, बाई?"

"काय ठावं नाही?"

"तिला सपान पडतंय. जागेपनी पडतंय. न्हानीत बंबाचं पानी काडलं की तिला दिसतंय, आपल्याच हातातनं पोरगी सुटली आन् त्या पान्यात पडली. सुरी उशाखाली आली तवापास्नं तर डोळ्याला डोळा न्हाई. दोनी हात मांडीखाली दाबून बसती. म्या सकाळी आले की हात बघायची माजं नि म्हनायची, बायाक्का, तुजं हात किती चांगलं हाईत."

मी मटकन खाली बसले. जमीन शेणानं सारवलेली होती, अजून ओली होती. माझ्या बारशाच्या नव्या साडीला ते सगळं लागलं.

"चारू? आमची चारू असं बोलली?"

"तीच. पोरीवर जीव हाय म्हनून तर माज्या वटीत घातली. म्हनाली, उद्या म्या मागाय आले तरी देऊ नगंस."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तिची आई आहे!"

"म्या काय सांगायचं?" बायाक्का म्हणाली. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. "तिनंच सांगितलंवतं की तुमाला. तीन येळा."

तीन वेळा. मी मोजायला गेले नाही, ते आपोआप समोर आले.

दवाखान्यातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, "आई, हिला तुझ्याजवळच ठेव ना." मी हसून म्हटलं होतं, "वा गं वा, बाळंत तू झालीस की मी?" मग पाचवी पुजली त्यानंतर केव्हातरी ती न्हाणीच्या दाराशी उभी राहून रडायला लागली. बाळंतिणीनं रडलं की डोळे जातात, दूध आटतं, असं मी तिला बजावलं आणि ती रडायची थांबली. अगदी एकदम थांबली. माझी लेक किती शहाणी, एकदा सांगितलं की पुन्हा डोळ्यांत पाणी नाही, हे मी गल्लीभर सांगत फिरले. आणि तिसऱ्या वेळी, आठवड्यापूर्वी, तिनं माझा हात धरून सरळच सांगितलं, "आई, माझ्या हातून हिला काहीतरी होईल. मला माझीच भीती वाटते."

मी तिच्या तोंडावर हात दाबला होता. चांगला घट्ट दाबला होता. "बाळंतिणीच्या तोंडी शुभच असावं. पुन्हा असलं बोलायचं नाही." संध्याकाळी मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली, आणि अडकित्ता पुरेसा नाही असं वाटून उशाखाली सुरी ठेवली. ज्या पोरीला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती, तिच्या हाताशी मी सुरी नेऊन ठेवली होती.

"बाई," बायाक्का म्हणाली, "आत्ता तिच्यापाशी कोन हाय?"

"कुणी नाही. ती पडलीय जरा."

"येकटी?"

"हो. म्हणाली, कुणाला आत सोडू नकोस."

बायाक्काचा चेहरा बदलला. "पोरगी देताना ती माज्या पाया पडली, बाई. बाळंतीन बाई कुनाच्या पाया पडती व्हय? म्या म्हनलं, बाईंच्या कानावर घालून जाते. तर म्हनाली, तू जा, आईला मी सांगते." तिनं मला दंडाला धरून उठवलं. "जावा. पळा आदी. पोरगी हितंच राहू द्या, पर तुमी पळा!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. मी बाळासाठी गाव पालथं घालत होते, आणि माझं बाळ घरी एकटं होतं. त्या दिवसापासून ती म्हण माझ्या तोंडून निघत नाही.

जीपमध्ये मी सुहासरावांना एवढंच सांगितलं, "बाळ सुखरूप आहे. चारू नाही." बाजाराचा दिवस होता, बैलगाड्या आडव्या येत होत्या, आणि ते हॉर्नवरचा हात काढतच नव्हते.

मांडवात पंगतीची ताटं मांडत होते. विहीणबाई पुढे आल्या. "मिळालं का बाळ? चारुशीला झोपलीय वाटतं. मघाशी हाक मारली, तर ओ नाही. कडी आहे आतून."

मी दारावर थापा मारल्या. "चारू!"

आतून काहीच नाही.

"चारू, मी आहे. दार उघड."

काही नाही. सुहासराव खांद्यानं दार ढकलायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं. आतून बांगडीचाही आवाज येत नव्हता. तीस वर्षं वर्गात बोललेली बाई मी, पण काय बोलावं तेच सुचेना. मग मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"चारू, मी बाळाला आणलं नाही. ते बायाक्काकडेच आहे. तू म्हणेपर्यंत मी आणणार नाही. सुरीपण नाही आणली. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, बाळ. माझंच चुकलं."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. सुहासराव नंतर म्हणाले, अर्धं मिनिटही नसेल. मग कडी काढल्याचा आवाज आला.

ती दारात उभी होती. हातांत बांगड्या नव्हत्या, गळा मोकळा होता. मागे पलंगावर तिनं मंगळसूत्र, पाटल्या, कानांतले, सगळं एका रुमालात बांधून ठेवलं होतं. गाठीपाशी चिठ्ठी खोचलेली होती: ‘माझ्या मुलीसाठी.’ ते पाहून मला जे कळायचं ते कळलं. तिनं काय ठरवलं होतं, कसं ठरवलं होतं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि आजपर्यंत विचारलेलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले. ते बर्फासारखे गार होते. ती रडायला लागली, तशी मीही लागले. सुहासराव दाराच्या चौकटीला धरून लहान पोरासारखे उभे होते.

"मुहूर्त टळतोय," मागून विहीणबाई म्हणाल्या. "माणसं जमलीत. लोक काय म्हणतील?"

"लोकांना जेवायला वाढा," मी म्हणाले. "आम्ही कोल्हापूरला चाललोय."

वाटेत नदीकडे वळून आम्ही बायाक्काला घेतलं. बाळाला मांडीवर घेऊन ती जीपच्या मागच्या बाकावर बसली, चारू पुढे माझ्या शेजारी. घाट उतरताना मी मागे वळून म्हणाले, "बायाक्का, माझा हात..." तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "ते ऱ्हाऊ द्या, बाई. पुढं बघा. पोरीला धरून बसा." त्यानंतर दोन महिने ती आमच्याच घरी राहिली. बाळ चारूच्या अंगावर प्यायचं, तेव्हा ती शेजारी बसून असायची. तिची मी नंतर वेगळी माफी मागितली, तेव्हाही ती हेच म्हणाली. माझ्यावर तिचं ते देणं तसंच राहिलं.

चारू बरी झाली. औषधं झाली, दवाखान्याच्या खेपा झाल्या, चार-पाच महिने गेले. तिची मुलगी आज चोवीस वर्षांची आहे आणि आजीला उलट उत्तरं देते. म्हणजे हे सगळं नीट पार पडलं. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला पुरी सांगितली नव्हती, कारण ती त्या बंद दारापाशी संपत नाही. ती संपते कोल्हापूरच्या दवाखान्यात, दुपारी चारच्या सुमाराला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, चारूपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी चारूचं सगळं ऐकून घेतलं. सुरीचं, बंबाचं, हातांचं. एकदाही ‘अगंबाई’ म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "तुमच्या मनात येतं ते तुम्हाला हवंय म्हणून येत नाही. त्याची तुम्हाला दहशत वाटते, म्हणून तर तुम्ही बाळाला लांब ठेवलंत. वाईट आई असं करत नाही. हा आजार आहे, आणि तो बरा होतो."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "नऊ महिने अंगात हार्मोन्सचा पूर असतो. बाळ जन्मून वार पडली की दोन-तीन दिवसांत तो पूर झपाट्यानं ओसरतो. त्यातच ताणाचं एक हार्मोन असतं, कॉर्टिसोल. सकाळी चढायचं, रात्री उतरायचं, असा त्याचा नेम. बाळंतपणात तो नेम मोडतो. बहुतेकींचा काही आठवड्यांत परत बसतो, काहींचा बसत नाही. अंग सतत धोका, धोका म्हणून जागं राहतं. त्यात झोप नाही, आणि कुणाला सांगायची सोय नाही. कारण एकच असतं असं नाही, पण यात बाहेरचं काही नाही आणि हिचा दोषही नाही."

मी मान डोलवत होते. विज्ञानाच्या बाई ना मी!

"घरात आधी कुणाला असं झालं होतं?" त्यांनी कागद पुढे ओढला. "आई, मावशी, आजी? याला महत्त्व आहे, म्हणून विचारते."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. पेन कागदावरून उचललंही नव्हतं. चारू माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात अजून माझ्या हातात होता.

"थांबा," मी म्हणाले.

"मला झालं होतं. चारूच्या वेळी. मी माहेरी होते, मळ्यात. ही अठरा दिवसांची होती. एका दुपारी मी हिला घेऊन विहिरीच्या काठावर उभी होते. कशी गेले, आठवत नाही. परत आले तेव्हा आईला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. पुन्हा असलं बोलायचं नाही, म्हणाली. मी बोलले नाही."

दाराबाहेर बायाक्का बाळाशी काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं.

चारूनं माझ्या हातातून हात काढून घेतला नाही. फक्त माझ्याकडे वळून बघितलं.

"कुणालाच नाही सांगितलंस? बाबांनापण?"

"कुणालाच नाही."

"एवढी वर्षं?"

"हो."

"म्हणजे मी सांगत होते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तुला कळलं होतं."

"पहिल्याच शब्दाला," मी म्हणाले.